आबा आणि दाजीपूरचे गवे

मित्रांनो, परभणीहून गंगाखेडकडं रेल्वेनं निघालात तर वाटेत एक छोटं स्टेशन लागतं. पाटीवर नाव असतं 'पोखर्णी नृसिंह'. ते आमचं गाव. नृसिंहाच्या देवळामुळं पोखर्णीचं नाव लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे. पण गंमत पाहा, अर्धा माणूस आणि अर्धा सिंह असलेला देव ज्या गावात, त्या गावाला जंगल असं नाहीच. चहूकडं काळी जमीन, तीत कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी. बांधावर बाभळी नि लिंब. बस्स.

जंगल नसलं तरी जनावरं मात्र आहेत. रोही आहेत, हरणं आहेत, रानडुकरं तर विचारूच नका. तुरीला फुलं लागली की आमचे आबा, म्हणजे माझे वडील, अजूनही जागलीला जातात. वय पंचाहत्तरच्या पुढं. हातात बॅटरी, अंगावर घोंगडी आणि तोंडात रोह्यांच्या नावानं शिव्या. मागच्या वर्षी दोन रात्रींत रोह्यांनी आमची अर्धा एकर तूर शेंड्यापासून खुडून टाकली. सकाळी आबा बांधावर नुसते बसून राहिले होते. न्याहारीची भाकरीसुद्धा त्यांनी तशीच परत आणली.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी जेव्हा म्हणालो, "आबा, पोरांना घेऊन दाजीपूरच्या अभयारण्यात जाऊ या," तेव्हा ते काय म्हणाले असतील? "आरं, पैशे देऊन जनावरं बघायला जायलेत व्हय? चला आपल्या तुरीत. मी फुकट दाखवतो!"

पण नातवंडांपुढं कुणाचं चालतं? दादा आठवीत, छकुली पाचवीत. छकुलीनं सांगून टाकलं, "आबा येणार नसतील तर मीपण नाही." झालं! आबांची पिशवी भरली गेली.

नागपूरहून कोल्हापूरला जाणारी गाडी परभणीवरून जाते. आम्ही परभणीला रात्री गाडीत बसलो आणि थोड्याच वेळात आमचंच गाव खिडकीबाहेरून मागं गेलं. दोन-चार दिवे, एक पाटी, की पुन्हा अंधार. रोज गावातून गाडी बघणाऱ्या छकुलीला गाडीतून गाव बघायचं होतं, ते इतकं लवकर संपलं की ती हिरमुसली. पुढं गंगाखेडच्या अलीकडं गोदावरीचा पूल आला. आबांनी अंधारातच नदीत नाणं टाकलं, हात जोडले आणि आडवे झाले.

परळी, लातूर, धाराशिव, बार्शी सगळं झोपेत गेलं. पंढरपूरला आबा आपोआप उठून बसले. मिरज आलं तेव्हा मी मुलांना फलाट दाखवून म्हटलं, "एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा इथून रेल्वेनं पाणी गेलं होतं." पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, एकूण पाच लाख लिटर पाणी. ज्या रुळांवरून आम्ही रात्रभर आलो, त्याच रुळांवरून ते उलट्या दिशेनं गेलं. पाणी होतं कृष्णेचं. आणि कृष्णेला मिरजेच्या वरच्या बाजूला भेटणाऱ्या कोयना, वारणा या नद्या सह्याद्रीच्या जंगलांतून येतात. दादानं विचारलं, "म्हणजे लातूरच्या लोकांनी कोयना-चांदोलीच्या जंगलातलं पाणी प्यालं?" असं सरळ म्हणता येईल की नाही, मी जरा विचारात पडलो. पण खोटं तरी काय आहे त्यात?

कोल्हापूरच्या स्टेशनाला शाहू महाराजांचं नाव आहे. पुढं आम्ही जिथं जिथं गेलो तिथं शाहू महाराज भेटतच राहिले. एसटीनं राधानगरीला पोचलो, तर तिथलं धरण त्यांनीच १९०९ च्या सुमारास बांधायला घेतलेलं. काम मध्ये रखडलं आणि ते पुरं झालं १९५७ साली. भोगावती नदी अडवून केलेल्या या तलावाला लक्ष्मी तलाव म्हणतात. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढलं की ते आपणहून उघडतात, उतरलं की मिटतात. कुणी बटण दाबायला नको. आमच्या दादाला गव्यांपेक्षा हे दरवाजेच जास्त आवडले असते, पण आम्ही गेलो तेव्हा ते बंद होते.

याच भोगावतीचं पाणी पुढं पंचगंगेत जातं आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. नृसिंहवाडी म्हटल्यावर आबांचे कान टवकारले. "म्हंजी आपल्या देवाच्याच नावाचं गाव की," असं म्हणून त्यांनी तलावाला पुन्हा एकदा हात जोडले. त्या गावाचं नाव नृसिंहसरस्वतींवरून पडलंय हे मी सांगणार होतो, पण गप्प राहिलो.

शाहू महाराजांच्या काळात हा सगळा मुलूख संस्थानची शिकारीची राखीव जागा होता. कोल्हापूरच्या दरबारात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले असत. होय, चित्ते! कुत्रा पाळावा तसे. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना गाडीतून माळावर न्यायचं आणि कळप दिसला की पट्टी सोडायची. शिकारीसाठी राखलं म्हणून जंगल वाचलं आणि १९५८ साली त्याच जंगलाचं गव्यांसाठी अभयारण्य झालं. म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोन वर्षं आधी! १९८५ मध्ये ते वाढवून साडेतीनशे चौरस किलोमीटरचं केलं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली. त्यांत आपल्या राज्यातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि हे राधानगरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाड्याच्या जीपनं दाजीपूरला निघालो. हाच रस्ता पुढं फोंडा घाट उतरून कोकणात जातो. धुकं असं की जीपचं बोनेट दिसेना. फाटकाजवळ आमचा वाटाड्या जीपमध्ये बसला. जवळच्याच गावचा, तिशीतला. आबांना बघून म्हणाला, "आजोबा, कुठनं आलायसा?"

"परभणीहून. पोखर्णी."

"आबाबा! लई लांबनं आलायसा की. मग आज गवा दिसायलाच पायजे."

आबांची 'जायलेत-खायलेत'वाली बोली आणि त्याची 'आलायसा-गेलायसा'वाली बोली, दिवसभर ऐकायला मोठी मौज होती. छकुली तर घरी परतल्यावरही 'जेवलायसा का?' असं विचारत होती.

आत शिरलो आणि आमच्या डोळ्यांना कळेचना की काय चाललंय. आमच्याकडं आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस झाला तर ते चांगलं साल. इथं वर्षाला चार हजारांच्या आसपास पडतो! इथली दाट झाडी एकदा सुरू झाली की वर आभाळ दिसत नाही. इथले लोक तिला 'डंग' म्हणतात. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ. झाडांच्या खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, त्यावर थेंब. आबा प्रत्येक झाडाला हात लावून बघत होते. "एवढं वल्लं लाकूड जाळायचं कसं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. शेतकऱ्याचा प्रश्न!

एका वळणावर वाटाड्यानं जीप थांबवून वर बोट केलं. उंच फांदीवर पानांचा नि काटक्यांचा मोठा गोळा. शेकरूचं घरटं. शेकरू म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेलच. खार म्हणायची, पण शेपटासकट जवळजवळ मीटरभर लांब, तांबूस-तपकिरी. ती या झाडावरून त्या झाडावर झेप घेते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. म्हणून वर फांद्यांना फांद्या भिडलेल्या असल्या तरच ती टिकते. मधली चार झाडं तोडली तर तिचा रस्ताच तुटला. आम्हाला घरटं दिसलं, शेकरू नाही. ओढ्याच्या बाजूनं मात्र कुणीतरी माणसानं मजेत शीळ घालावी तसा आवाज येत होता. तो शीळकरी कस्तूर. छकुलीनं त्याला शीळ घालून उत्तर दिलं आणि तो गप्प झाला. तिला फार वाईट वाटलं.

मग एका ठिकाणी रस्त्यावर शेणाचा पो दिसला. आबा म्हणाले, "हितं बैलं कोण सोडली?"

वाटाड्या हसला. "बैल न्हवं आजोबा, गवा. ताजं हाय."

आबा खाली वाकले आणि बाजूच्या चिखलातला खूर बघितला. आपल्या पंजानं मापला. पंजा भरून उरला. मग ते काही बोलले नाहीत. जागलीवरचा माणूस, खुणा वाचता येतात त्यांना.

गव्याला पुष्कळ लोक 'बायसन' म्हणतात. कुठंकुठं पाट्यांवरही तसंच असतं. पण बायसन हे अमेरिकेतलं आणि युरोपातलं केसाळ जनावर. इथं आलेल्या इंग्रज शिकाऱ्यांनी गव्याला ते नाव चिकटवलं. गवा हा आपल्या गायीबैलांच्याच कुळातला, रानातला. पूर्ण वाढलेला नर खांद्याजवळ माणसापेक्षा उंच असू शकतो आणि वजन हजार किलोपर्यंत भरतं. आबांच्या भाषेत, दोन बैलजोड्या एका अंगात! अंग काळंभोर, पाठीवर मानेपासून मध्यापर्यंत गेलेला उंचवटा, आणि गुडघ्यापासून खाली पांढुरके पाय. जणू मोजे घातलेत.

सावराईच्या सड्यावर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. झाडं नाहीत, नुसतं गवत. पावसाळ्यात इथं इवलीइवली फुलं येतात, त्यांतली काही चक्क किडे खाणारी असतात. आम्ही गेलो तेव्हा गवत सोनेरी पडलं होतं. वाटाड्यानं ओठांवर बोट ठेवलं.

झाडीच्या कडेला काळे ठिपके होते. मला दगड वाटले. मग एका दगडानं कान हलवला.

अकरा होते. दादानं मोजले. पुढं एक गाय, कारण कळपाची वाट गायच ठरवते. दोन वासरं होती, पिवळसर तांबूस रंगाची. त्यांच्या पायांत अजून मोजे आले नव्हते! मोठे गवे शांतपणे चरत होते. गवत तोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता, आपल्या गोठ्यात येतो तसाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. छकुली माझ्या दंडाला धरून होती. कुणीही एक शब्द बोललं नाही. मग वाऱ्यानं दिशा बदलली असावी. पुढच्या गायीनं मान वर केली, नाकातून जोरात 'फुस्स' आवाज केला, आणि एवढाली धुडं झाडीत अशी शिरली की पानही हललं नाही.

"कसे शिरले बघा," आबा पुटपुटले. "आपले बैल असते तर दोन कोस आवाज गेला असता."

परतताना एका वस्तीवर चहाला थांबलो. तिथं आबांच्याच वयाचे एक म्हातारबाबा गुरं बांधत होते. दोघांच्या गप्पा रंगल्या आणि एकाएकी दोघंही बुळकांडीवर आले. तुम्ही हा शब्द ऐकला नसेल. गुरांचा भयंकर साथीचा रोग होता तो. ताप, जुलाब, आणि आठवडाभरात जनावर खलास. आबा दहा-बारा वर्षांचे असताना आमच्या घरची बैलजोडी बुळकांडीनं गेली होती आणि त्या साली पाळी घालायला माणसांनीच वखर ओढला. हे मलाही नवीन होतं! म्हातारबाबा म्हणाले, "आमच्याकडं गुरास्नी व्हायचा, मग डंगातल्या गव्यास्नी बी व्हायचा. पाणवठा येकच की."

आणि ते खरंच आहे. १९६८ साली दक्षिणेत बंडीपूर नि मुदुमलाईच्या जंगलांत बुळकांडी शिरली तेव्हा तिथले गवे मोठ्या संख्येनं मेले. पाळीव गुरांना लसी टोचून टोचून हा रोग हटवला गेला आणि २०११ मध्ये तो सगळ्या जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. गावातल्या गायीला टोचलेली सुई रानातल्या गव्याला वाचवते. लाळ-खुरकुताची लस आजही जंगलाजवळच्या गावांत म्हणूनच महत्त्वाची आहे.

चहा पिताना आबांनी वाटाड्याला मनातला प्रश्न विचारला. "तुझं शेत हाय का?"

"हाय की. भात हाय, थोडा ऊस हाय."

"आन् हे येत न्हाईत?"

"येत न्हाईत कसं? मागल्या साली ऊस लोळवला. पंचनामा झाला, पैसं मिळालं. पण जेवढा गेला तेवढं कुठलं मिळायला, आणि तेबी लगीच न्हाई."

"आन् तू त्येंलाच दावत फिरायलास?"

वाटाड्या जरा वेळ कपात बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, राती मी त्येंला हाकलतो आणि दिवसा दावतो. दोनी कामं माझीच. राती डबं वाजवतो तवा राग येतो. पर कुणी मारायला उठलं की त्याचा बी राग येतो. आता काय सांगायचं तुमास्नी!"

आबा हसले नाहीत. मान मात्र हलवली.

आता मित्रांनो, पुढची गोष्ट सांगायची मला लाज वाटते. पण सांगतो.

संध्याकाळी डांबरी रस्त्यानं राधानगरीकडं येत होतो. वळणावर चार-पाच गाड्या थांबलेल्या. रस्त्याच्या कडेला एकटा नर गवा उभा. वीस-पंचवीस पावलांवर. गाड्यांतली माणसं खाली उतरून मोबाइल पुढं करत होती. कुणी शिट्ट्या वाजवत होतं. आणि तुमचा हा काका, सड्यावर फोटो नीट आला नाही म्हणून, दार उघडून खाली उतरला!

गवा वळला आणि आडवा उभा राहिला. मला वाटलं, वा, काय छान पोज दिली! वाटाड्या दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, मागं या. त्यो आडवा झालाय." गवा रागावला की आधी बाजू दाखवतो. 'बघ, मी केवढा आहे' असं सांगतो. ती त्याची धमकी असते. त्यानं मान खाली घातली. मला पाय हलवता येईनात. तेवढ्यात मागून माझी कॉलर धरून कुणीतरी मला जीपमध्ये खेचलं. आबा होते. पंचाहत्तर वर्षांच्या हातात एवढा जोर!

"गाढवा," आबा नातवंडांसमोर मला म्हणाले, "रोही असतं तरी असं उतरलो नसतो मी."

वाटाड्यानं हात जोडून, ओरडून, सगळ्यांना गाड्यांत बसवलं. दिवे मंद केले. मिनिटभरानं गव्यानं रस्ता ओलांडला, घाई न करता, आणि खालच्या उतारात दिसेनासा झाला.

त्या रात्री मुलांना झोप येईना. तेव्हा मी त्यांना पुण्यातल्या गव्याची गोष्ट सांगितली. डिसेंबर २०२० मध्ये एक गवा वाट चुकून कोथरूडमध्ये आला. सकाळची वेळ. बघता बघता गर्दी जमली. लोक मागं धावले, ओरडले, मोबाइल काढले. तो भेदरून गल्ल्यांतून पळत राहिला, भिंतींवर, दारांवर धडकला, रक्तबंबाळ झाला. शेवटी वनखात्यानं भुलीचं औषध देऊन त्याला पकडलं, पण तो वाचला नाही. त्यानं कुणालाही मारलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा मात्र जवळच्या गावात गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला.

"चूक कुणाची मग?" दादानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत अंधारातून आबांचा आवाज आला, "तुझ्या काकाला इचार. त्याला ठावं हाय."

परतीची गाडी पुन्हा रात्रीच पोखर्णीवरून पुढं गेली आणि आम्ही परभणीला उतरून पहिल्या एसटीनं गावी आलो. आबा घरी न येता थेट शेताकडं वळले. मुलंही मागोमाग. तुरीच्या कडेला, धुक्यात, एक निळसर करडा रोही उभा होता. चरत होता, आमचीच तूर.

मला वाटलं आता आबा दगड उचलतील. ते थांबले. डोळ्यांवर हात धरून बघू लागले.

"पोरींनू, पोरांनू, बगा बगा," ते हळूच म्हणाले. "याला बी मोजे हायत की. पर आखूड."

खरंच होतं. रोह्याच्या चारी पायांत खुरांच्या वर पांढरे पट्टे होते, पैंजणासारखे. इतकी वर्षं जागल करून आबांनी ते पाहिले नव्हते, आणि मीही नव्हते.

मग आबांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि अशी आरोळी ठोकली की रोही तीन ढांगांत बांध ओलांडून पसार!